बेस फॉर्म हलला, मग वारस का हलले नाहीत?

डेल्फी या फॉर्म रचून प्रोग्रॅम बनवायच्या टूलमध्ये केलेल्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये ४० फॉर्म, म्हणजे माहिती भरायच्या खिडक्या, होत्या. सगळ्यांच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, तीच दोन बटणं: ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’. ती प्रत्येक फॉर्मवर वेगवेगळी ठेवलेली नव्हती. एका बेस फॉर्मवर होती आणि हे सगळे फॉर्म त्या बेस फॉर्मचे वारस होते. एके दिवशी ठरलं की बटणं तळातून वर घ्यायची, आणि काम माझ्याकडे आलं. बेस फॉर्म उघडला, दोन बटणं उचलून वर नेली, कंपाइल केलं. पाच मिनिटांत काम फत्ते! मग चालवून पाहिलं. ३१ फॉर्मनी निमूटपणे ऐकलं होतं. उरलेल्या ९ फॉर्मवर मात्र बटणं तळाशीच ठाण मांडून बसली होती. त्या बटणांना तिथे कुणी कधी हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ती ९ का हलली नाहीत, एवढं नीट कळलं तर व्हिज्युअल इन्हेरिटन्स हा प्रकार बहुतेक सगळा कळतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ज्याने थोडंफार ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग केलंय त्याला साधा इन्हेरिटन्स नवा नाही. एका क्लासपासून दुसरा क्लास काढायचा, पहिल्याच्या मेथड आयत्या मिळतात, ज्या पटत नाहीत त्या ओव्हरराइड करायच्या, म्हणजे त्यांच्या जागी आपल्या लिहायच्या. फॉर्मचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण फॉर्म म्हणजे नुसता क्लास नाही. बटण डावीकडून २०० पिक्सेलवर आहे, त्याच्यावर अमुक शब्द आहेत, टॅब दाबत गेलं की त्याची पाळी तिसरी येते, हे कुणी कोडमध्ये टाइप केलेलं नसतं. ते माउसने ओढून आणि प्रॉपर्टीच्या खिडकीत आकडे भरून तयार झालेलं असतं. म्हणजे फॉर्मचं वागणं एकीकडे आणि दिसणं दुसरीकडे. वागण्याचा वारसा कंपायलर सांभाळतो. दिसण्याचा वारसा कंपायलरला कळतच नाही. त्यासाठी टूल बनवणाऱ्यांना वेगळी सोय करावी लागते. ती सोय म्हणजे व्हिज्युअल इन्हेरिटन्स.

कल्पना मात्र फॉर्मपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात पडद्यावर प्रकाशाच्या पेनने एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवायच्या. मूळ आकृतीतली एक रेघ बदलली की सगळ्या प्रतींत ती बदलायची. फॉर्मच्या बाबतीत अशी सोय हाताशी यायला पुढे जवळपास ३० वर्षं गेली. १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकने माउसने फॉर्म रचायची सवय लावली खरी, पण १९९८ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तिथे फॉर्मचा वारसा नव्हताच. चाळीस सारखे फॉर्म हवेत? एक बनवा, फाइल कॉपी करा, नाव बदला, असं ३९ वेळा. मग बटण हलवायचं असेल तर तेही ४० वेळा. दुसरीकडे पॉवरबिल्डर नावाच्या टूलमध्ये विंडोपासून विंडो काढता येत होती. १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या तिसऱ्या आवृत्तीने व्हिज्युअल क्लास आणले, १९९६ मध्ये डेल्फीच्या दुसऱ्या आवृत्तीने फॉर्मचा वारसा आणला आणि व्हिज्युअल बेसिकवाल्यांना तो २००२ साली डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्ससोबत मिळाला.

आता यंत्राच्या आत डोकावू.

फरकाची फाइल

डेल्फीत प्रत्येक फॉर्मच्या दोन फाइल असतात. एकीत पास्कलचा कोड, दुसरीत, म्हणजे डीएफएममध्ये, फॉर्मचं चित्र. डीएफएम मजकूर म्हणून उघडता येते आणि वाचायला अगदी सोपी असते: अमुक नावाचं बटण, त्याचं लेफ्ट इतकं, टॉप इतकं, कॅप्शन असं. साध्या फॉर्ममध्ये प्रत्येक कंट्रोलची नोंद ‘ऑब्जेक्ट’ या शब्दाने सुरू होते. वारस फॉर्मची फाइल उघडली की त्या जागी ‘इन्हेरिटेड’ हा शब्द दिसतो, आणि त्याच्याखाली जवळजवळ काहीच नसतं. बेस फॉर्मवर बटणाच्या दहा प्रॉपर्टी लिहिलेल्या असतील आणि वारसाने फक्त कॅप्शन बदललं असेल, तर वारसाच्या फाइलमध्ये फक्त कॅप्शनची एक ओळ. बाकीच्या नऊ प्रॉपर्टी तिथे नाहीत.

सगळी किमया या ‘नाहीत’मध्ये आहे. प्रोग्रॅम चालताना वारस फॉर्म तयार होतो तेव्हा डेल्फी आधी वंशावळीच्या टोकाशी जाते. सगळ्यात वरच्या पूर्वजाची डीएफएम वाचून फॉर्म उभा करते, मग त्याच्या खालच्याची वाचते, मग त्याच्या खालच्याची, आणि शेवटी आपल्या वारसाची. प्रत्येक फाइल आधीच्या चित्रावर आपला फरक चढवते. ज्या प्रॉपर्टीबद्दल वारसाची फाइल गप्प आहे, ती बेसकडून जशी आली तशी राहते. म्हणून बेसमध्ये बदल केला की वारस बदलतात. त्यांना कुणी निरोप धाडत नाही. त्यांच्याकडे स्वतःचं असं काही लिहिलेलंच नसतं, एवढंच.

याची दुसरी बाजूही लगेच दिसते. वारसाच्या फाइलमध्ये एखादी प्रॉपर्टी लिहिली गेली, की त्या प्रॉपर्टीपुरती बेसशी नाळ तुटली. पूर्ण फॉर्मची नाही, त्या बटणाचीही नाही, फक्त त्या बटणाच्या त्या एका प्रॉपर्टीची. रंग अजून बेसकडून येतोय, फॉन्ट येतोय, पण लेफ्ट आता वारसाचं स्वतःचं. नवशिक्यांची गफलत इथेच होते. वारसा हा फॉर्मागणिक जोडलेला किंवा तोडलेला असतो असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात एका फॉर्मवर असे शेकडो बारीक धागे असतात आणि एकेक धागा स्वतंत्रपणे तुटतो.

फरक आहे हे कोण ठरवतं?

आता खरा प्रश्न. वारसाची फाइल जतन करताना टूलला ठरवावं लागतं की कोणती प्रॉपर्टी लिहायची आणि कोणती सोडायची. याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही टूलांनी वापरलेली आहेत.

डेल्फी तुलना करते. जतन करताना वारसाची किंमत आणि बेसची किंमत शेजारी ठेवायची; सारखी असेल तर लिहायची नाही, वेगळी असेल तर लिहायची. कुणी बदललं, मुद्दाम बदललं की चुकून, याच्याशी तिला देणंघेणं नाही. विंडोज फॉर्म्सचा डिझायनरही साधारण याच वाटेने जातो. वारशाने आलेली किंमत तो त्या कंट्रोलची ‘डिफॉल्ट’ मानतो आणि तिच्यापेक्षा निराळं असेल तेवढ्याचाच कोड लिहितो.

व्हिज्युअल फॉक्सप्रो नोंद ठेवतो. प्रॉपर्टीच्या खिडकीत तुम्ही किंमत टाइप केली की ती तुमची झाली, ठळक अक्षरांत दिसू लागली. बेसमध्ये होती तीच किंमत पुन्हा टाइप केली तरी ती तुमचीच. नाळ जोडायची तर उजवं क्लिक करून ‘रीसेट टू डिफॉल्ट’ म्हणावं लागतं. कित्येक जण आकडा हाताने पूर्ववत करत आणि समजत की झालं पहिल्यासारखं. दिसायला पहिल्यासारखंच व्हायचं, पण ठळक अक्षरं ठळकच राहायची आणि पुढच्या वेळी बेस बदलला की तो फॉर्म अडून बसायचा. (फॉक्सप्रोचे फॉर्म आणि क्लास लायब्ररी आतून चक्क डेटाबेसचे टेबल असतात. ते टेबल उघडून प्रॉपर्टीच्या मेमो फील्डमधून ती ओळ खोडणं हा तिथल्या जुन्या मंडळींचा आवडता उपाय होता. डिझायनरला वळसा घालून थेट त्याच्या पोटात हात घालायचा!)

तुलनेची पद्धत जास्त समंजस वाटते, आणि रोजच्या कामात आहेही. पण तिचा एक चकवा आहे. समजा वारसाने बटणाचं लेफ्ट मुद्दाम २०० केलं; बेसमध्ये ते ३०० होतं. फरक लिहिला गेला. वर्षभराने बेसमध्येही कुणी ते २०० केलं. आता वारस फॉर्म डिझायनरमध्ये उघडून नुसता जतन केला, तरी तुलनेत दोन्ही सारखे निघतात आणि वारसाच्या फाइलमधली ओळ गळून पडते. नाळ आपोआप जोडली गेली. पुढे बेसमध्ये ते २५० झालं की वारसही २५० वर जातो, आणि ज्याने मुद्दाम २०० ठेवलं होतं तो चक्रावून जातो. पद्धत कोणतीही घ्या, फाइलमध्ये आकडा लिहिला जातो. तो का लिहिला, हे कुठेच लिहिलं जात नाही.

आता आपले ९ फॉर्म. बटणांना हात लावल्याचं कुणालाच आठवत नव्हतं आणि ते बव्हंशी खरं होतं. आठ फॉर्मवर लोकांनी फक्त फॉर्म मोठा केला होता. बटणं उजव्या आणि खालच्या कडेला अँकर केलेली होती, म्हणजे फॉर्म ताणला की ती कोपऱ्याबरोबर सरकणार. डिझायनरमध्ये फॉर्म रुंद आणि उंच केला, बटणं इमानेइतबारे सरकली, त्यांचं लेफ्ट आणि टॉप बेसपेक्षा वेगळं झालं. जतन करताना तुलना झाली, फरक सापडला, दोन ओळी लिहिल्या गेल्या. नाळ तुटली ती अँकरच्या आज्ञाधारकपणामुळे. कोपऱ्यात राहण्यासाठी केलेली सोयच त्यांना कोपऱ्यात अडकवून बसली.

यावरचा उपाय थोडा विचित्र दिसतो. बेस फॉर्मवर बटणं सरळ ठेवायचीच नाहीत. आधी एक पॅनेल ठेवायचं, ते पूर्ण तळाला अलाइन करायचं, म्हणजे त्या कडेला चिकटवायचं. त्याच्या आत दुसरं पॅनेल, उजवीकडे अलाइन केलेलं. बटणं त्या आतल्या पॅनेलमध्ये, अँकरची भानगड न करता. आता फॉर्म कितीही ताणा, आतल्या पॅनेलच्या डाव्या कडेपासून बटणांचं अंतर बदलत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी फरक लिहिला जात नाही. पॅनेलांचे आकडे वारसाच्या फाइलमध्ये उतरतात, पण त्यांनी काही बिघडत नाही. फॉर्म उभा राहताना अलाइनमुळे त्यांची जागा नव्याने ठरतेच. बेसमध्ये बाहेरचं पॅनेल तळाऐवजी माथ्याला अलाइन केलं की सगळे वारस मागोमाग येतात.

नकळत नाळ तोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे स्क्रीनचा डीपीआय, म्हणजे दर इंचात किती ठिपके. एकाच्या मशीनवर १०० टक्के, दुसऱ्याच्या मशीनवर १५० टक्के मोजमाप, आणि दोघे आळीपाळीने तेच फॉर्म उघडून जतन करताहेत, असं झालं की डिझायनर सगळं मोजून-मापून पुन्हा लिहितो आणि वारस फॉर्ममध्ये आकड्यांचा पाऊस पडतो. संपूर्ण टीमने डिझायनर एकाच मोजमापावर चालवायचा, हा नियम मला एकेकाळी हेकटपणा वाटायचा. आता वाटत नाही.

नको असलेलं बटण

वारस फॉर्मवर बेसचं एखादं बटण नकोच असेल तर? ते काढता येत नाही. डेल्फी सरळ नकार देते: हे कंट्रोल पूर्वजाने आणलंय, इथून पुसता येणार नाही. पहिल्यांदा ऐकलं की राग येतो, पण विचार केला तर दुसरं उत्तर शक्यच नाही. बेस फॉर्मच्या कोडमध्ये त्या बटणाचं नाव घेतलेलं असतं. रेकॉर्ड बदलला की त्याला चालू करा, जतन झालं की बंद करा. वारसाने बटण नाहीसं केलं तर तो कोड हवेत हात मारणार. म्हणून लपवा म्हणतात, काढू नका. व्हिजिबल फॉल्स करायचं आणि पुढे जायचं. पण एखाद्या वारसावर अशी सहा-सात कंट्रोल लपवावी लागत असतील तर त्याला वारस करण्यातच चूक झालेली असते.

नाव बदलणं याहून धोक्याचं. वारसाच्या डीएफएममध्ये ‘इन्हेरिटेड’च्या पुढे बटणाचं नाव असतं. बेसमध्ये ते नाव बदललं आणि वारस फॉर्म त्या वेळी उघडा नसेल, तर त्याच्या फाइलमध्ये जुनंच नाव राहतं. कंपायलर डीएफएमच्या आत काय आहे ते तपासत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत कंपाइल होतं. वापरणारा तो फॉर्म उघडतो तेव्हा संदेश येतो की अमुकचा पूर्वज सापडला नाही. विंडोज फॉर्म्समध्ये ही गत होत नाही. तिथे चित्रही कोडमध्येच, इनिशियलाइझ कंपोनंट नावाच्या मेथडमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून चुकलेलं नाव कंपाइल करतानाच पकडलं जातं. या एका बाबतीत मला त्यांची पद्धत उजवी वाटते.

विंडोज फॉर्म्समध्ये आणखी एक कुलूप आहे. प्रत्येक कंट्रोलला मॉडिफायर्स नावाची प्रॉपर्टी असते आणि सी शार्पमध्ये ती आपोआप प्रायव्हेट, म्हणजे वारसांना बंद, असते. वारस फॉर्मवर असं कंट्रोल दिसतं, पण त्याला हलवता येत नाही, त्याच्या प्रॉपर्टी करड्या पडलेल्या असतात. ते बदलायला हवं असेल तर बेसमध्ये जाऊन त्याला प्रोटेक्टेड, म्हणजे वारसांना खुलं, करावं लागतं. नवे लोक कंटाळून सगळंच प्रोटेक्टेड किंवा पब्लिक करून टाकतात आणि मग तीच नाळ तुटण्याची दुखणी ओढवून घेतात. कुलूप अडचण म्हणून बसवलेलं नाही. या कंट्रोलची नाळ वारसाला तोडता येणार नाही, याची ती हमी आहे. डेल्फीत सगळी दारं सताड उघडी. हवं ते बदला, नंतर निस्तरा.

डिझायनरमध्ये जिवंत काय असतं

एकदा विंडोज फॉर्म्समध्ये एका सहकाऱ्याने वारस फॉर्म उघडला तर डिझायनर अर्धा मिनिट गोठला आणि मग फॉर्मऐवजी डेटाबेस सर्व्हर सापडत नसल्याची तक्रार दाखवू लागला. प्रोग्रॅम चालवलेला नव्हता, नुसता फॉर्म बघायला उघडला होता. मग डेटाबेसला हाक मारली कुणी?

बेस फॉर्मने. वारस फॉर्म दाखवायचा म्हणजे डिझायनरला आधी बेसचं चित्र हवं, आणि विंडोज फॉर्म्समध्ये बेसचं चित्र मिळवायचा मार्ग एकच: बेस क्लासची खरीखुरी प्रत तयार करायची. त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे प्रत बनताना चालणारा कोड, चालतो, त्यात लिहिलेलं सगळं चालतं. वारसाचा स्वतःचा कोड मात्र चालत नाही. तो क्लास अजून घडतोय, म्हणून डिझायनर त्याची इनिशियलाइझ कंपोनंट मेथड फक्त वाचतो आणि वाचलेलं त्या बेसच्या प्रतीवर लावतो. त्यामुळे गंमत अशी, की तुम्ही उघडलेल्या फॉर्मचा कोड झोपलेला असतो आणि त्याच्या पूर्वजाचा जागा.

याच एका गोष्टीतून विंडोज फॉर्म्सच्या निम्म्या तक्रारी उगवतात. बेसमध्ये बदल केला की आधी बिल्ड करावं लागतं, नाहीतर वारसात जुनंच चित्र दिसतं, कारण प्रत बनते ती कंपाइल झालेल्या क्लासची. बेस क्लास अ‍ॅब्स्ट्रॅक्ट असेल तर डिझायनर हात टेकतो, कारण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासची प्रत बनत नाही. नेमका बेस फॉर्म अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ठेवणं हीच शहाणी रचना असते, त्यामुळे हा नकार फार बोचतो. लोक मग मध्ये एक रिकामा, नावापुरता क्लास घालतात, किंवा अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा हट्ट सोडून साध्या व्हर्च्युअल, म्हणजे वारसाला बदलता येणाऱ्या, मेथडवर भागवतात. आणि डेटाबेसला हात घालणाऱ्या कोडच्या आधी ‘आपण डिझायनरमध्ये आहोत का’ ही चौकशी करावी लागते. त्यासाठी डिझाइन मोड नावाची प्रॉपर्टी आहे, पण कन्स्ट्रक्टरमध्ये ती खरं सांगत नाही, कारण तोवर फॉर्मला डिझायनरने आपल्या ताब्यात घेतलेलंच नसतं. तिथे लायसन्स मॅनेजरचा युसेज मोड विचारावा लागतो. हे ज्याला माहीत नसतं त्याची एक अख्खी संध्याकाळ जाते.

डेल्फीचा डिझायनर दुसऱ्या टोकाचा. तो बेस फॉर्मचा कोड चालवतच नाही. पूर्वजांच्या डीएफएम एकावर एक चढवून नुसता आकार उभा करतो. त्यामुळे फॉर्म उघडताना काही पेटत नाही, आणि बेस फॉर्मचा कोड चालताना जे रंगरूप देतो ते डिझायनरमध्ये दिसतही नाही. मला हीच तडजोड जास्त झोप देणारी वाटते.

दिसण्याबरोबर वागणंही

बटणाचा क्लिक इव्हेंटही वारशात येतो आणि इथे प्रत्येक टूलची रीत वेगळी. डेल्फीत वारस फॉर्मवर त्या बटणावर डबल क्लिक केलं की नव्या मेथडमध्ये ‘इन्हेरिटेड’ ही ओळ आधीच लिहून मिळते. ती ठेवली तर बेसचं काम आधी होतं, खोडली तर होत नाही. पॉवरबिल्डरमध्ये पूर्वजाची स्क्रिप्ट वाढवायची की झाकायची हे त्या स्क्रिप्टवरच ठरवता येतं. विंडोज फॉर्म्समध्ये बेसचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारी मेथड) आणि वारसाचा हँडलर दोन्ही यादीत बसतात आणि दोन्ही चालतात; बेसला थांबवायचं असेल तर बेस लिहिणाऱ्याने आधीच व्हर्च्युअल मेथड ठेवलेली असली पाहिजे. फॉक्सप्रोत वारसाने मेथडमध्ये काहीही लिहिलं की पूर्वजाचा कोड झाकला जातो, आणि तो हवा असेल तर डू-डिफॉल्ट म्हणून बोलवावा लागतो. काहीही म्हणजे खरंच काहीही. ‘इथे नंतर कोड लिहायचा’ अशी नुसती टीप लिहिली तरी बेसचा कोड गप्प!

फॉक्सप्रोवाल्यांकडून एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे. टूलसोबत आलेली मूळ कंट्रोल थेट फॉर्मवर ठेवायचीच नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा आपला एक वारस बनवायचा, आपलं बटण, आपलं टेक्स्टबॉक्स, आपला ग्रिड. सुरुवातीला अगदी रिकामे, काहीही न बदललेले. त्या दिवशी हे निरर्थक वाटतं. दोन वर्षांनी कुणी म्हणतं की सगळ्या टेक्स्टबॉक्सचा फॉन्ट मोठा करा, तेव्हा बदलायला एकच जागा असते. पॉवरबिल्डरच्या पीएफसी लायब्ररीत हीच युक्ती पक्की बांधलेली होती: लायब्ररीचा एक थर, आणि त्याच्यावर तुमच्यासाठी मोकळा सोडलेला वारसांचा थर. लायब्ररीची नवी आवृत्ती आली तरी तुमचे बदल तुमच्या थरात सुरक्षित.

थर किती असावेत? माझं मत विचाराल तर बेस, त्याच्यावर एखादा खास बेस, मग प्रत्यक्ष फॉर्म. चौथा थर आला की लेबल निळं का आहे हे शोधायला चार फाइल उघडाव्या लागतात. आणि वारसा हा प्रत्येक सारखेपणावरचा उतारा नाही. पत्ता लिहायची पाच खोकी दहा फॉर्मवर लागतात म्हणून ती बेस फॉर्मवर ठेवायची नसतात, कारण ‘पत्त्याचा फॉर्म’ अशी काही जात नसते. पत्ता हा फॉर्मच्या आत ठेवायचा तुकडा आहे. त्यासाठी विंडोज फॉर्म्समध्ये यूजर कंट्रोल, आणि डेल्फीत पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, फ्रेम. फ्रेम फॉर्मवर ठेवली की डीएफएममध्ये ‘इनलाइन’ या शब्दाने तिची नोंद होते आणि तिच्यातही फक्त फरकच लिहिला जातो. नाळेचे सगळे नियम तसेच्या तसे लागू.

पुढच्या पिढीतल्या काही टूलांनी या वारशाकडे पाठ फिरवली. २००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये झॅमल या मजकुरी भाषेत रचलेल्या विंडोपासून दुसरी झॅमल विंडो काढायला गेलं तर कंपायलर अडवतो. त्याऐवजी स्टाइल आणि टेम्प्लेट वापरा म्हणतात. वेबच्या जगातले रिअ‍ॅक्टवालेही कंपोनंटचा वारसा नको, एकात एक ठेवा असंच सांगतात. पण कल्पना मेली नाही, तिने बिऱ्हाड बदललं. गेम बनवणाऱ्या युनिटीत २०१८ पासून प्रीफॅब व्हेरिअंट, म्हणजे तयार साच्यांचे वारस, आहेत. गेमसाठीच्याच गोडोमध्ये एका सीनपासून दुसरा सीन काढता येतो. पडद्यांची डिझाइन करायच्या फिग्मात मुख्य कंपोनंट आणि त्याच्या प्रती आहेत, थेट स्केचपॅडच्या घराण्यातल्या. तिघांतही फक्त फरक साठवला जातो, पण नाळ कुठे तुटली ते आता पटकन कळतं. युनिटी बदललेल्या प्रॉपर्टीचं नाव ठळक करून शेजारी निळी रेघ ओढते, गोडो शेजारी पूर्ववत करायचा बाण ठेवतो. हे आमच्या वेळी असतं तर ते नऊ फॉर्म दहा मिनिटांत सापडले असते.

ते मी कसे दुरुस्त केले ते सांगायचं राहिलंच. डेल्फीत बटणावर उजवं क्लिक करून ‘रिव्हर्ट टू इन्हेरिटेड’ म्हणता येतं, पण त्याने त्या कंट्रोलचे सगळेच फरक पुसले जातात, कॅप्शनसुद्धा. म्हणून नऊ डीएफएम मजकूर म्हणून उघडल्या, प्रत्येकीत त्या दोन बटणांखालच्या लेफ्ट आणि टॉपच्या ओळी खोडल्या, जतन केलं. नऊच्या नऊ फॉर्मवर बटणं वर गेली. दोन दिवसांनी एका फॉर्मबद्दल तक्रार आली. त्या फॉर्मवर लांबलचक नोंद भरायची असे. वापरणाऱ्या बाईंनी अर्ध्या तासाचं काम ‘रद्द करा’ दाबून घालवलं होतं. त्या नवव्या फॉर्मवर ते बटण कुणीतरी फार पूर्वी ‘जतन करा’पासून दूर, पार डाव्या टोकाला, मुद्दाम नेऊन ठेवलं होतं. फाइलमध्ये ती ओळ बाकीच्या आठ फॉर्ममधल्या ओळींसारखीच दिसत होती आणि मी ती त्यांच्यासोबत खोडली होती.

डीएफएममध्ये टीप लिहून उपयोग नसतो. डिझायनर पुढच्या वेळी फाइल नव्याने लिहितो आणि टीप उडून जाते. त्यामुळे ते बटण डावीकडे नेणारी ओळ आता त्या फॉर्मच्या क्रिएट इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, आहे, ‘इन्हेरिटेड’च्या खाली, आणि तिच्या डोक्यावर ते तिथे का आहे हे दोन ओळींत लिहिलेलं आहे.